अर्धवट कामाला कुंकू

सहदेव मेस्त्रीच्या हत्यारांच्या पेटीत, पटाश्यांच्या शेजारी, कुंकवाचा एक लाकडी करंडा असे. नवख्याला वाटायचं, मेस्त्री भारी देवभोळा दिसतोय. तसा तो होताही, पण हा करंडा देवासाठी नव्हता. काम पुरं झालं, डोळ्यांनी आणि बोटांनी तीनदा तपासून झालं, की मेस्त्री अनामिका कुंकवात बुडवून त्या कामावर एक टिकली लावायचा. मालवणाकडे त्याचा बाप दाराची चौकट बसवून झाली की अशीच टिकली लावून ती मालकाच्या ताब्यात द्यायचा. पटाशी कशी धरायची हे बापानं ज्या दिवशी शिकवलं, त्याच दिवशी हेही सांगितलं होतं की अर्धवट कामाला कुंकू लावायचं नाही. मेस्त्रीनं अठ्ठेचाळीस वर्षांच्या सुतारकीत बापाचा हा शब्द एकदाच मोडला. त्या एका वेळेचीच ही हकिकत आहे.

अंधेरीला वर्सोव्याच्या रस्त्यालगत एक पत्र्याची शेड होती. दुसऱ्या महायुद्धात लष्करानं ती बांधली आणि लढाई संपल्यावर ते तिला विसरून गेलं. विद्याधर प्रधान नावाच्या इंजिनिअरनं तिथं लहान विमानं दुरुस्त करायचा कारखाना काढला होता. विमान चालवायला शिकणारी मंडळी जे काही मोडायची, ते सगळं या शेडमध्ये येऊन पडायचं. सहदेव तिथला मुख्य सुतार. गिरणीच्या सुतारखात्यात वीस वर्षं घासून तो इथं आला होता, आणि जोगेश्वरीच्या चाळीतून रोज सकाळी चालत यायचा. इंग्रजी अक्षर त्याला ठाऊक नव्हतं. पण विमानाच्या लाकडावरून नुसता हात फिरवून, आत कुठं सरस सुटलाय हे तो सांगायचा, आणि त्याचं चुकायचं नाही.

कारखान्यात सगळ्यात जास्त यायचे ते मोडके पंखे. प्रोपेलरला तिथं पंखाच म्हणत. हा पंखा म्हणजे लाकडाचं एकच अखंड वल्ह्यासारखं अंग, मधे भोक आणि दोन बाजूंना दोन पाती. शिकाऊ पोरानं विमान ओल्या मैदानावर नाकावर घातलं की एक पातं मोडायचं, आणि दुसरं शाबूत असूनही अख्खा पंखा फेकून द्यावा लागायचा. नवा परदेशातून येईपर्यंत विमान सहा-सहा महिने बसून राहायचं. मेस्त्रीला विमानाचं फारसं वाईट वाटत नसे. वाटायचं ते त्या दुसऱ्या पात्याचं. शेडच्या मागे अशी धडधाकट पाती ढिगानं पडली होती, आणि जेवायला बसला की तो त्यांच्याकडे बघत बसायचा.

एकावन्न सालच्या पावसाळ्यात एकदा भाकरी खाता खाता तो विद्याधरला म्हणाला, "साहेब, बैलगाडीच्या चाकाचा एक आरा मोडला तर अख्खं चाक टाकतो काय आपण? मधला तुंबा तोच ठेवतो, आरा नवा बसवतो."

विद्याधरनं हातातला चहा खाली ठेवला. तो पोटतिडकीनं काम करणारा माणूस होता, आणि चांगली गोष्ट कुणाच्या तोंडून आली याचा हिशेब ठेवत नसे. त्या दिवसापासून तीन वर्षं दोघांनी एकच ध्यास घेतला. पाती वेगळी, तुंबा वेगळा. तुंबा पोलादाचा, दोन अर्ध्या वाट्या समोरासमोर ठेवाव्यात तसा. पात्याच्या बुंध्याला खाचा, त्या वाट्यांच्या आतल्या खाचांत बसायच्या, आणि वरून बोल्ट आवळले की पातं जागच्या जागी आवळलं जायचं. यातून दुसरा एक फायदा निघाला, तो विद्याधरच्या ध्यानात आला. बोल्ट सैल करून पातं बुंध्यावर थोडं फिरवलं की त्याचा कल बदलायचा. कल कमी ठेवला तर विमान चिखलातनंही झटकन वर उचललं जायचं, वाढवला तर लांबच्या पल्ल्याला पेट्रोल वाचायचं. एकच पंखा, आणि पाना हातात घेतला की पाहिजे तसा.

कागदावरचं सगळं विद्याधरचं आणि लाकडातलं सगळं मेस्त्रीचं. काश्मिरी अक्रोडाच्या पातळ फळ्या एकावर एक चिकटवून त्यानं पाती कोरली, मोडली, पुन्हा कोरली. पहिल्या दोन जोड्या त्याच्याच मनाला उतरल्या नाहीत. तिसरी जोडी उतरली तेव्हा त्यानं पाती तराजूत एकमेकांसमोर टाकली आणि काटा हलला नाही. त्या संध्याकाळी घरी जाऊन तो बायकोला, शेवंतीला, म्हणाला, "आज माका बापाची आठवण इली." याहून जास्त बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

मग आली चौपन्न सालची खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची ही हत्यारांची पूजा मेस्त्रीच्या कारखान्यात मोठी कडक असायची. फळीवर धुतलेलं पांढरं फडकं, त्यावर रंधे, पटाश्या, कानशी, पाने हारीनं मांडलेले. पूजा झाली की दसऱ्याचा मुहूर्त होईपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. शेवंती दरवर्षी नैवेद्य घेऊन यायची. या वर्षी विद्याधरनं सांगितलं होतं की सरकारी अधिकारी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात पंखा बघायला येणार, त्यांनी होकार दिला की हा पंखा देशभर बनेल.

पंखा कोपऱ्यातल्या टेबलावर कापडाखाली होता. एक पातं आवळून झालं होतं. दुसऱ्याचा कल कोनमापकानं लावून बोल्ट आवळायचे राहिले होते. अर्ध्या तासाचं काम. पण पूजेला आलेल्या गुरुजींनी घाई केली, हत्यारं फळीवर गेली, पानेसुद्धा गेले. मेस्त्रीनं नट बोटांनीच फिरवून बसवले आणि सुटे भाग हरवू नयेत म्हणून, एरवी नट आवळून झाल्यावरच घालायच्या त्या पिनाही घालून ठेवल्या. नीटनेटकेपणाची त्याला खोडच होती.

पूजा चालू असताना शेवंती हळूच म्हणाली, "तीन वर्सा जेच्यासाठी उपाशी पोटी येताय, ता माका एकदा दाखवा तरी."

मेस्त्रीनं कापड बाजूला केलं. उन्हाची तिरीप अक्रोडाच्या थरांवर पडली आणि सगळ्या शेडमधलं बोलणं थांबलं. शेवंतीनं पात्यावरून बोट फिरवलं. "पुरा झाला?"

"झाल्यासारखाच," मेस्त्री म्हणाला.

आणि मग त्यानं ते केलं. माणूस चार चुका रागानं करतो, चार लोभानं. ही त्यानं आनंदाच्या भरात केली. पंखा उचलून हत्यारांच्या मधोमध ठेवला, तुंब्याभोवती झेंडूची माळ घातली, करंडा उघडला आणि अनामिकेनं टिकली लावली. आधी कळस मग पाया, असं बाप असता तर म्हणाला असता. उद्या सकाळी येऊन पहिलं काम हेच करायचं, असं मेस्त्रीनं मनाशी ठरवलं आणि तो निर्धास्त झाला.

गुणाजी तिथला मेकॅनिक. तिशीतला, वेंगुर्ल्याकडचा, हाताचा अतिशय सफाईदार. त्यानं इंजिन उघडलं की इतर लोक आपली कामं सोडून बघायला यायचे. मेस्त्रीला तो बापाच्या जागी मानायचा. दसऱ्याला सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला, फळीवरचा पंखा आणि त्यावरची टिकली त्यानं बघितली, आणि त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. दसऱ्याचा मुहूर्त! मेस्त्री येईल तेव्हा त्याचा पंखा फिरत असेल. शेडच्या मागे पंख काढलेलं एक जुनं विमान खांबांना साखळ्यांनी बांधून ठेवलेलं होतं, इंजिनं त्यावर तपासत. गुणाजीनं पंखा त्याच्या दांड्यावर चढवला. मुहूर्त लागला होता, म्हणून फळीवरचा पाना नमस्कार करून उचलला, चढवायचे आठही बोल्ट स्वतः आवळले, दोनदा तपासले. पात्यांच्या बोल्टांना त्यानं हात लावला नाही. ते मेस्त्रीचं काम होतं, पिना घातलेल्या होत्या, आणि वर कुंकू होतं.

मेस्त्री नवी टोपी घालून, खिशात आपट्याची पानं घेऊन येत होता. नाक्यावर असतानाच त्याला इंजिनाचा आवाज ऐकू आला. आवाजावरून पंखा ओळखण्याइतका त्याचा कान तयार होता. हा पंखा त्यानं आजवर कधीच ऐकला नव्हता, आणि तरी त्यानं ओळखला. दोन पावलं तो अभिमानानं फुलून चालला. तिसऱ्या पावलाला त्याला पाना आठवला, काल बोल्ट न आवळताच फळीवर गेलेला. तो धोतर सावरून धावत सुटला, "बंद करा! बंद करा!" असं ओरडत. इंजिनापुढं त्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार होता?

विमानात धाकू नावाचा दुसरा कामगार बसला होता. गुणाजी बाजूला, अगदी नियमाप्रमाणे पंख्याच्या रेषेबाहेर उभा राहून, उजवा हात वर करून त्याला खूण करत होता, वाढव, वाढव. धाकूनं वेग वाढवला. सैल पातं बुंध्यावर फिरलं, सगळं विमान थडथडलं, आणि पातं सुटलं. ते शेडच्या लोखंडी खांबावर आपटून उलटं फिरलं आणि गुणाजीच्या वर केलेल्या हातावर आलं.

मेस्त्री पोचला तेव्हा इंजिन बंद पडलं होतं. आपट्याची पानं त्याच्या खिशातच राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी गुणाजीचा उजवा हात कोपराखाली काढला. जीव वाचला. तीन दिवसांनी तो शुद्धीवर आला तेव्हा मेस्त्री त्याच्या खाटेशी बसला होता. गुणाजीनं बँडेजकडे बघितलं, मग मेस्त्रीकडे. "मेस्त्रीनू, मी सगळे बोल्ट बघितले होते. माझा खय चुकला?" मेस्त्री उठून बाहेर व्हरांड्यात गेला आणि भिंतीला कपाळ टेकून रडला.

चौकशी लागली. तिच्या आदल्या संध्याकाळी विद्याधर जोगेश्वरीला मेस्त्रीच्या खोलीवर आला. पंधरा दिवसांत त्याचं वय वाढल्यासारखं दिसत होतं. शेवंतीनं दिलेला चहा त्यानं घेतला नाही.

"मेस्त्री," तो म्हणाला, "कारखान्याचा लेखी नियम आहे. रजिस्टरात सही झाल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. गुणाजीनं रजिस्टर उघडलंच नाही. ही खरी गोष्ट आहे, यात मी काही रचत नाही. तुम्ही खोटं बोलू नका. विचारतील तेवढंच सांगा."

"आणि टिकली?"

"टिकलीचं कोण विचारणार आहे? त्यांना ती कळणारही नाही. मेस्त्री, पंख्यात दोष नाही, तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. पण बोल्ट सैल ठेवून त्याची पूजा केली असं तुम्ही म्हणालात, तर ते फाईल मिटवतील. तीन वर्षं तुमची गेली, माझी गेली. गुणाजीला मी वाऱ्यावर सोडणार नाही, हा माझा शब्द. पण हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका."

तो वाईट माणूस नव्हता, हे मेस्त्रीला कळत होतं. म्हणून तर जास्त जड जात होतं. विद्याधर गेल्यावर शेवंती चुलीपाशी पाठमोरी बसून राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "मी तुमका इचारलंय, पुरा झाला काय. तुमी काय सांगितलात?"

"झाल्यासारखाच."

"मग आता थयसर चौकशीत तरी तसा नको. जा झाला ता सांगा."

चौकशीचे अधिकारी मराठी होते, सभ्य होते, टेबलावर फाईल मांडून बसले होते. गुणाजीची जबानी त्यांनी दवाखान्यात घेतली होती. ती वाचून दाखवताना ते एका ओळीवर थांबले. "हा म्हणतो, मी कुंकू बघितलं म्हणून इंजिन चालू केलं. म्हणजे काय? पूजाअर्चेचा इथं काय संबंध?" त्यांनी त्या ओळीच्या समोर पेन्सिलीनं फुली मारली.

मेस्त्री भिंतीशी उभा होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली. "साहेब, ती फुली खोडा," तो म्हणाला. "संबंध आहे. रजिस्टर आमच्याकडे शनिवारी आठवड्याचं एकदम भरतात. रोजचं काम माझ्या कुंकवावर चालतं. मी टिकली लावली की काम झालं, मग ते कुणी उघडून बघायचं नाही, असं मीच सगळ्यांना शिकवलं. गुणाजीलाही. साहेब, कुंकू ही माझी सही. त्या दिवशी बोल्ट सैल होते, आणि मी सही केली. पोरानं माझ्या सहीवर भरवसा ठेवला. त्याची चूक एवढीच."

विद्याधरनं डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्यांनी रबर घेतलं आणि फुली खोडली.

दोन महिन्यांनी पत्र आलं. अपघातात गुणाजीचा दोष नाही, त्याचं नाव स्वच्छ राहिलं. सुट्या पात्यांच्या पंख्याबद्दल मात्र एकच वाक्य होतं, की या ठिकाणच्या कामाच्या पद्धती पाहता पुढं विचार करता येत नाही. विद्याधर महिनाभर मेस्त्रीशी बोलला नाही. मग एके दिवशी आपणहून चहाचा पेला घेऊन त्याच्या शेजारी बसला, आणि तो विषय दोघांनी पुन्हा काढला नाही. रजिस्टर मात्र चौकशीच्या दिवसापासून रोजच्या रोज भरू लागलं, आणि त्यातली पहिली सही मेस्त्रीची असायची. करंडा त्यानं पेटीच्या तळाशी ठेवला. वर्षातून एकदा हत्यारांपुरता तो बाहेर यायचा, कामाला टिकली लावणं त्यानं सोडलं.

शेडच्या मागच्या ढिगाऱ्यात आता आणखी एक धडकं पातं येऊन पडलं होतं. तिसऱ्या जोडीतलं, व्यवस्थित आवळलेलं, ज्याला काही झालं नव्हतं ते. मेस्त्रीची जेवताना त्याच्याकडे बघायची हिंमत होत नसे. एक दिवस तो उठला आणि ते आत घेऊन आला.

त्या अक्रोडातून त्यानं हात कोरला. पात्याच्या बुंध्यावरच्या खाचा तशाच ठेवल्या, त्याच मनगट झाल्या. मनगटाभोवती दोन वाट्यांचा लहानसा पोलादी तुंबा, त्याला दोन बोल्ट. बोल्ट सैल करावा, पंजा पाहिजे त्या कोनात फिरवावा, आणि आवळावा. पाहिजे तर पंजा काढून त्या जागी चिमटा बसवावा. विमानासाठी जे केलं होतं तेच, वितीएवढं. कोपराला बांधायचे पट्टे अंधेरीच्या एका चर्मकारानं शिवून दिले.

गुणाजीनं तो हात पहिल्यांदा बघितला आणि भिंतीवर फेकून मारला. "ह्या लाकडाचा मी काय करू? ह्याच लाकडान माझो हात नेलो!"

मेस्त्रीनं तो उचलला, टवका उडाला होता तिथं कानस मारली, आणि आठ दिवसांनी परत घेऊन गेला. मग जड होतो म्हणून आतून कोरून पोकळ केला. पट्टा रुततो म्हणून बदलला. चिमट्यात कानस धरता येईना म्हणून चिमटा बदलला. गुणाजी शिव्या द्यायचा आणि मेस्त्री ऐकून घ्यायचा. वर्षभरानं गुणाजी कारखान्यात परत आला. पूर्वीची सफाई त्या हाताला कधी येणार नव्हती, ते दोघांनाही ठाऊक होतं. पण कामाचा तुकडा लाकडी हातानं दाबून धरून डाव्या हातानं कानस मारायला तो शिकला, आणि मग डाव्या हातालाच हळूहळू अक्कल आली.

दर खंडेनवमीला गुणाजी पट्टे सोडायचा आणि तो हात फळीवर हत्यारांच्या ओळीत ठेवायचा. मेस्त्री सगळ्यांना कुंकू लावत यायचा. रंध्याला, पटाशीला, पान्याला. हातापाशी आला की थांबायचा, त्याला ओलांडून पुढं जायचा. पहिल्या वर्षी गुणाजीनं विचारलं, तेव्हा म्हणाला, "अजून पुरा नाय झालो." दुसऱ्या वर्षीही तेच, तिसऱ्याही. चौथ्या वर्षी गुणाजीनं विचारलं नाही.

साठ सालची खंडेनवमी मेस्त्रीची कारखान्यातली शेवटची होती. डोळे अधू झाले होते, दसऱ्यानंतर तो गावी जाणार होता. फळी मांडली गेली. शेवंती नैवेद्य घेऊन आली होती, विद्याधर दाराशी उभा होता. मेस्त्री कुंकू लावत लावत आला, आणि सवयीनं हातापाशी थांबला.

"मेस्त्रीनू," गुणाजी म्हणाला, "पाच वर्सा झाली. ह्यो हात मी वापरतंय. पुरा झालो की नाय, ता मी सांगूचा की तुमी?"

गुणाजीनं डाव्या हातानं करंडा त्याच्यापुढं धरला. "लावा. माझो तुमच्या सहीवर भरवसो आसा."

मेस्त्रीनं अनामिका कुंकवात बुडवली आणि ती तशीच वर धरून ठेवली. मग दुसऱ्या हातानं त्यानं पूजा झालेल्या हत्यारांतून पाना उचलला. गुरुजी दचकले, शेवंतीनं तोंडाला पदर लावला. खंडेनवमीला पूजेतलं हत्यार उचललेलं कुणीच कधी बघितलं नव्हतं, मेस्त्रीच्या हातून तर नाहीच. त्यानं लाकडी मनगटावरच्या पहिल्या बोल्टला पाना लावून ताकद लावली. बोल्ट घट्ट होता. दुसऱ्याला लावली. तोही घट्ट होता. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून त्यानं अंगठ्यानं चाचपून बघितलं, आणि पुन्हा एकदा दोन्हींना पाना लावला.

मग पाना खाली ठेवून त्यानं टिकली लावली.